क्रीटची किनारवाट: उंची बघू नका, सावली आणि पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब सप्टेंबरच्या शेवटी ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जाणार आहे. नवरा-बायको पन्नाशीच्या आतबाहेर, मुलगी चौदा वर्षांची, आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सोडून बाकीचे तिघं सह्याद्रीत नियमित फिरणारे, राजगड-तोरणा एका दिवसात केलेले. त्यांना समारियाची घळ उतरून आयिया रूमेलीला मुक्काम करायचा आहे आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत लुत्रो गाठायचं आहे. 'अंतर 14 किलोमीटरच आहे, वाट कुठेही फार उंच चढत नाही. मग वेगळी तयारी लागेल का? पाणी किती घ्यावं? बूट कोणते? वाट चुकण्यासारखी आहे का? शाकाहारी जेवण मिळेल का? आणि सासूबाईंचं काय करावं?'

मी या भागात मराठी मंडळींचे गट घेऊन जातो, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत दर हंगामात ऐकतो. उत्तर असं: तुम्ही तिघं ही वाट आरामात कराल, पण दिवस बदला, दिशा उलटी करा आणि सप्टेंबरबद्दलची आपली समजूत घरी ठेवून या.

आधी सप्टेंबरचं बघू. आपल्याकडे सप्टेंबर म्हणजे सोनकी फुललेली, ओढे वाहताहेत, गडावरची टाकी काठोकाठ. क्रीटमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत संपतो आणि जून ते ऑगस्ट जवळजवळ थेंब पडत नाही. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तिथला उन्हाळा संपत आलेला असेल. पंचांगात सप्टेंबर असला तरी डोंगराच्या दृष्टीने तो वैशाख आहे. गवत पिवळं नाही, करडं झालेलं असतं. थाइमची काटेरी झुडपं हात लावला तर चुरतात. हिरवं दिसतं ते पाइन, कण्हेर आणि थोडी मॅस्टिकची झुडपं. आणि या सगळ्या रखरखाटात जमिनीतून एकही पान नसलेला, कमरेएवढा उंच पांढऱ्या फुलांचा दांडा उभा दिसला की ओळखीचं वाटेल. तो तिथला रानकांदा. आपल्या रानकांद्याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. आपला पावसाळ्याआधी कोरड्या जमिनीतून फुलतो, त्यांचा त्यांच्या पावसाआधी. दोघंही पावसाची वाट बघत नाहीत.

आता पाणी, कारण या वाटेवरचा खरा विषय तोच आहे. सह्याद्री बसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक, मधूनमधून घट्ट, पाणी न झिरपू देणारे. म्हणून आपल्याकडे हजार-बाराशे मीटरवरसुद्धा कातळात टाकं खोदलं की पाणी टिकतं आणि आपल्याला सवय लागते की 'वर गेल्यावर बघू, टाक्यात असेलच'. क्रीटच्या या किनाऱ्यामागे लेफ्का ओरी म्हणजे धवल पर्वत आहेत. सर्वात उंच शिखर पाख्नेस, 2453 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरनी उंच, आणि समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम दहाएक किलोमीटरवर. हिवाळ्यात वर भरपूर बर्फ पडतं. पण डोंगर चुनखडीचा. बर्फ वितळतं, पाणी भेगांमधून थेट पोटात उतरतं, आतल्या आत वाहत येतं आणि बाहेर पडतं ते एकदम समुद्राच्या काठाला. त्यामुळे सगळं उलटं होतं: वाट जिथे वर चढते तिथे ठणठणाट आणि जिथे ती वाळूवर येते तिथे गोडं पाणी.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर लुत्रोच्या पूर्वेला तासाभराच्या चालीवर ग्लिका नेरा म्हणून किनारा आहे. नावाचा अर्थच गोडं पाणी. तिथे कड्याच्या पायथ्याशी गोटे बाजूला करून हात-दीड हात खड्डा केला की त्यात हळूहळू पाणी जमतं. आधी गढूळ, मग पाच-दहा मिनिटांत नितळ. लोक आधीच खणून ठेवलेले, कडेला दगड रचलेले असे खड्डे दिसतील. समुद्राची लाट दहा-पंधरा पावलांवर फुटत असते आणि हातातल्या बाटलीत बर्फाचं पाणी. तिथे पोहायला उतरलात तर आणखी एक गंमत: वरचा थर गारेगार आणि पाय खाली सोडले की खालचं पाणी कोमट. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं.

पण ही गंमत तुमच्या 14 किलोमीटरांत उपयोगी पडत नाही, कारण ग्लिका नेरा दुसऱ्या बाजूला आहे. तुमच्या वाटेवर असं पाणी आयिओस पाव्लोसच्या किनाऱ्यावर, गोट्यांमधून झिरपतं. त्यावर हिशेब बांधू नका. तुमचा हिशेब खानावळींवर बांधा. लुत्रो, मग फीनिकास, मग लीकोस, मग मार्मारा, मग थेट आयिओस पाव्लोस, मग आयिया रूमेली. या प्रत्येक ठिकाणी हंगामात छोटी खानावळ असते आणि बाटलीबंद पाणी मिळतं. मार्मारा ते आयिओस पाव्लोस या टप्प्यात अडीच ते तीन तास काहीही नाही. ना घर, ना पाणी, ना परतीचा सोपा रस्ता. तेव्हा लुत्रोहून माणशी दोन लिटर घेऊन निघा आणि मार्माराहून निघताना माणशी तीन लिटर भरलेले असले पाहिजेत. मुलीचेसुद्धा तीन. सोबत मीठ-साखरेची पूड किंवा ओआरएस. बरेच लोक उलटं करतात: सकाळी चार लिटरचं ओझं घेऊन निघतात, मार्मारापर्यंत अर्धं पितात आणि तिथे 'अजून आहे की' म्हणून भरत नाहीत.

खानावळी ऑक्टोबरच्या अखेरीस एकेक करून बंद होतात. सप्टेंबरअखेर चालू असतात, तरी आदल्या संध्याकाळी लुत्रोत मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. तिथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

दिशा उलटी का करायची, ते सांगतो. तुम्ही आयिया रूमेलीहून लुत्रोकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे निघणार आहात. बहुतेक लोक असंच जातात, कारण समारिया उतरल्यावर ते आयिया रूमेलीतच असतात. त्यात सकाळचं ऊन तोंडावर येतं. सुरुवातीचा भाग पाइनच्या सावलीचा आहे, तो सकाळी गार वेळेत वाया जातो. आणि मार्मारा ते लुत्रो हा उघडाबोडका, सावलीचं झाड शोधावं लागेल असा भाग बरोबर भर दुपारी येतो. हा सगळा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. दिवसभर सूर्य समोर. खालून समुद्राची चकाकी, बाजूने पांढऱ्या दगडाची. आणखी एक, आपल्या लक्षात न येणारी गोष्ट: ग्रीसच्या उन्हाळी घड्याळामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाच्या सुमारास. म्हणजे आपण 'तीन वाजले, ऊन उतरलं' म्हणतो तेव्हा तिथे ऊन ऐन जोरात असतं. सप्टेंबरअखेर सूर्योदयही सव्वासातच्या आसपास, त्यामुळे आपल्यासारखं पाचला निघून आठपर्यंत अर्धा डोंगर मारणं जमत नाही. अंधारात ही वाट करू नये.

लुत्रोहून निघालात की उघडा भाग सकाळी होतो, सूर्य पाठीशी राहतो, दुपारी पाइन लागतात आणि शेवटचा टप्पा जवळजवळ सपाट किनारा. शिवाय लीकोसच्या पश्चिम टोकाला एक छोटा कातळटप्पा आहे. तिथे हात लावावे लागतात. रंगाच्या खुणा आहेत, पकडी चांगल्या आहेत, पण तो उतरण्यापेक्षा चढणं केव्हाही बरं. लुत्रोहून आलात तर तो चढावा लागतो.

म्हणून तुमचा कार्यक्रम मी असा लावेन. पहिल्या दिवशी हानिया शहरातून सकाळच्या बसने ओमालोस, म्हणजे घळीचं वरचं टोक, तिथून समारिया उतरून आयिया रूमेली, आणि मुक्काम न करता संध्याकाळच्या बोटीने लुत्रो. दुसरा दिवस मोकळा. समारिया 16 किलोमीटर आणि बाराशे मीटरची सलग उतरण आहे. राजगड-तोरणा केलेल्या माणसालासुद्धा दुसऱ्या दिवशी मांड्या सांगतात. समुद्रात डुंबा, फार तर ग्लिका नेराला जाऊन या. तिसऱ्या दिवशी लुत्रो ते आयिया रूमेली आणि संध्याकाळच्या बोटीने परत लुत्रो. सामान तिन्ही रात्री एकाच खोलीत, पाठीवर फक्त दिवसाची सॅक. बोटीच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, तेव्हा त्या आदल्या दिवशी धक्क्यावरच्या फलकावरून उतरवून घ्या. आणि एक, समारियाचं राष्ट्रीय उद्यान साधारण मे ते ऑक्टोबर उघडं असतं, पण पावसाचा किंवा अति उष्णतेचा इशारा असेल तर त्या दिवसापुरतं बंद ठेवतात. एक दिवस हातचा राखा.

आता वाट. पहाटे पावणेसातला, फटफटताना निघा. लुत्रोच्या मागच्या सोंडेवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. ती ओलांडली की पलीकडे फीनिकासची खाडी. अर्धा-पाऊण तास. लुत्रोला गाडीरस्ता नाही, सगळं बोटीने येतं, त्यामुळे सकाळी मांजरं, बोटीची घरघर आणि कपबशांचा आवाज एवढंच. फीनिकास हे नाव बायबलमध्ये आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणाऱ्या जहाजाच्या खलाशांना हिवाळा याच बंदरात काढायचा होता. वाटेत ईशान्येकडून वादळ सुटलं, जहाज इथून समोर दिसणाऱ्या गाव्दोस बेटाच्या आडोशाने भरकटत गेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. खलाशांचा विचार बरोबर होता. अख्ख्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात जहाज सुरक्षित ठेवावं असं नैसर्गिक बंदर इथेच आहे. अठराव्या शतकात स्फाकियाचे, म्हणजे याच भागातले, लोक जहाजं बाळगून होते ती याच जोरावर. वरच्या अनोपोली गावचा दासकालोयान्निस हा त्यांतलाच जहाजमालक. 1770 मध्ये त्याने तुर्कांविरुद्ध उठाव केला आणि पुढच्या वर्षी हेराक्लिऑनमध्ये त्याला हालहाल करून मारलं. तुम्ही ज्या बोटीतून जाल तिच्यावर त्याचं नाव असण्याची शक्यता बरीच आहे.

फीनिकासपासून पंधरा-वीस मिनिटांवर लीकोस, मग तो कातळटप्पा, मग कड्याच्या अंगाने आडवी वाट. इथे दृष्टिभय आहे. वाट दोन पावलं रुंद, डावीकडे खाली समुद्र. ढाकच्या बहिरीला किंवा अलंगला जे लागतं त्याच्या पासंगालाही नाही, पण पायाखालचा प्रकार वेगळा आहे. आपला बसॉल्ट कोरडा असला की बूट धरून ठेवतो. चुनखडी दोन तऱ्हांची: लोकांचे पाय पडून गुळगुळीत झालेली, जी कोरडी असूनही घसरते, आणि कुणाचे पाय न पडलेली, जी सुरीसारखी. पडलात तर हाडापेक्षा कातडीचं नुकसान जास्त. म्हणून हाताला पातळ मोजे आणि फुल पँट, गरम होत असलं तरी.

लीकोसपासून पाऊण-एक तासात मार्मारा. अरादेनाची घळ इथे समुद्राला मिळते. छोटा गोट्यांचा किनारा, दोन्ही बाजूंना संगमरवरासारख्या दगडात लाटांनी कोरलेल्या गुहा, त्यांत शिरून पोहता येतं. पाण्याचा रंग असा की मुलगी तिथून हलायला तयार होणार नाही. तिला अर्धा तास द्या. इथेच दिवसाचा निर्णय घ्यायचा आहे, तो असा: घड्याळात साडेदहा वाजून गेले असतील, किंवा कुणाचं डोकं दुखत असेल, किंवा वारा असा असेल की टोपी धरावी लागतेय, तर पुढे जाऊ नका. मार्माराहून लुत्रोला छोट्या बोटी जातात. किनाऱ्यावर दिवस घालवा आणि परत जा. पुढे गेल्यावर हा पर्याय नाही.

वाऱ्याबद्दल. उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा मेल्तेमी वाहतो. दक्षिण किनारा डोंगराआड आहे म्हणून शांत असेल असं वाटतं. पण तो वारा घळींमधून खाली कोसळतो. पाच मिनिटं पान हलत नाही आणि मग असा झोत येतो की माणूस एक पाऊल बाजूला सरकतो. घळींच्या तोंडाशी आणि अरुंद आडव्या वाटेवर हे ध्यानात ठेवा. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा जोर बोफोर्ट श्रेणीत, म्हणजे शून्य ते बारा अशा आकड्यांत देतात. सातच्या वर असेल तर मी गट नेत नाही. दक्षिणेकडून वारा असेल तर प्रश्न बोटींचा. लाटा थेट धक्क्यावर येतात आणि बोटी रद्द होतात. तसं झालं तर आयिया रूमेलीत अडकून पडाल, आणि तिथेही गाडीरस्ता नाही. घाबरण्यासारखं नाही, खोल्या मिळतात. फक्त परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा ट्रेक ठेवू नका.

मार्माराच्या पलीकडे चढ. हा चढ उघडा आहे आणि दिवसातला सर्वात कंटाळवाणा. तासभर लागेल असं धरा. मग वाट समुद्रापासून शे-दीडशे मीटर उंचावरून आडवी जाते, कधी घसाऱ्यावरून, कधी पाइनमधून. घसारा आपल्यासारखाच. दगड सुटे, काठी असेल तर बरं. फसवतं ते पाइन. सावली मिळाली म्हणून माणूस सैल सोडतो आणि उतारावर पसरलेल्या वाळक्या सुयांवरून बूट असा सरकतो की कळायच्या आत बसकण. सुयांवर टाच टेकवून चालू नका, अख्खा तळवा टाका.

वाट चुकण्याबद्दल विचारलंत. ही वाट ई-फोर या लांब पल्ल्याच्या युरोपीय पायवाटेचा भाग आहे. ती स्पेनपासून निघते आणि सायप्रसला संपते. खुणा पिवळ्या-काळ्या, दगडांवर रंगाने, कुठे खांबावर पत्र्याच्या पट्ट्या. उन्हाने बऱ्याच ठिकाणी रंग उडालाय, पत्र्यांना बंदुकीच्या छऱ्यांनी भोकं पडलेली दिसतील. त्याचं मनावर घेऊ नका, स्फाकियात सगळ्याच पाट्यांना असतात. खरा घोटाळा शेळ्यांचा. आपल्याकडे जशा ढोरवाटा, तशा तिथे शेळ्यांच्या वाटा, आणि त्या मूळ वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. शेळीची वाट कड्याच्या टोकाला जाऊन संपते, कारण तिला तिथलं झुडूप खायचं असतं. नियम साधा: दोन मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत. शेळ्यांचा दुसरा त्रास वरून. त्या चालल्या की दगड सुटतात. घंटांचा आवाज डोक्यावरून आला तर थांबा, वर बघा, त्या पुढे जाऊ द्या आणि मग निघा. गप्पा मारत चालणाऱ्यांना घंटा ऐकू येत नाहीत, एवढंच सांगतो.

आयिओस पाव्लोसच्या थोडं अलीकडे आयिओस इओआन्निस गावावरून उतरणारी जुनी फरसबंद वाट उजवीकडून येऊन मिळते. ती चढायची नाही, समुद्राकडे राहायचं. मग करड्या वाळूचा उतार आणि खाली आयिओस पाव्लोसचं देऊळ. देऊळ म्हणजे चॅपल, दहाव्या-अकराव्या शतकातलं, पण मला देऊळच म्हणावंसं वाटतं. किनाऱ्यावरचेच दगड उचलून बांधलंय, त्यामुळे दुरून ते दिसतच नाही. पन्नास पावलांवर आल्यावर वाळूतून घुमट वेगळा होतो. एवढंसं, क्रुसाच्या आकाराचं. आत भिंतीवर चित्रांचे पुसट अवशेष. भर उन्हातून आत गेलात की दोन मिनिटं काही दिसत नाही आणि अंगावरचा घाम गार पडतो. पौलाने इथल्या झऱ्यावर लोकांना बाप्तिस्मा दिला अशी तिथली श्रद्धा आहे. जवळच्या खानावळीत तासभर बसा. वेळ आहे: सकाळी पावणेसातला निघालात तर इथे एकच्या आसपास असाल आणि पुढे आयिया रूमेली सव्वा तासाची. पण हा सव्वा तास तासाचा होत नाही, हेही सांगून ठेवतो. गोट्यांचा किनारा सपाट दिसतो आणि पाय खातो. प्रत्येक पावलाला निम्मं मागे. वरच्या बाजूला झाडांतून जाणारी वाट धरा, किनाऱ्यावर उतरायचा मोह नको.

बूट: घोट्यापर्यंतचे असतील तर उत्तम, पण तळ कडक आणि न झिजलेला असावा हे जास्त महत्त्वाचं. रबराचे मऊ तळ असलेले आपले नेहमीचे ट्रेकिंगचे बूट चुनखडी एका दिवसात खरवडून काढते. नवे बूट तिथे घालून उद्घाटन करू नका, निघण्यापूर्वी दोन-तीनदा सिंहगड करा त्यांच्यात.

विषारी सापांची भीती सोडा. क्रीटमध्ये माणसाला धोकादायक असा विषारी साप नाही. फुरसं-घोणस बघत पाय टाकायची आपली सवय तिथे लागत नाही. दगडाखाली विंचू असू शकतो, तेव्हा बसताना दगड उलटा करून बघायची सवय मात्र राहू द्या. चूल मात्र अजिबात नाही. तीन दगड मांडून चहा करायची आपली हौस तिथे उन्हाळ्यात सरळ गुन्हा आहे, आणि ते पाइन बघितलेत की कायद्याची गरज पटेल. उघड्यावर तंबू ठोकायलाही ग्रीसमध्ये बंदी आहे. मदतीसाठी क्रमांक 112. मार्मारा ते आयिओस पाव्लोस टप्प्यात फोनची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. प्रवास-विम्यात डोंगरातून बाहेर काढायचा खर्च आहे ना, ते वाचून बघा.

शाकाहाराची काळजी करू नका. ग्रीक लोकांच्या उपासाच्या दिवसांची यादी आपल्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे बिनमांसाचं जेवण खानावळीला नवं नाही. 'नीस्तीसिमो' म्हणालात तर मांस, अंडं, दूध वगळलेलं मिळेल. मात्र त्यांच्या उपासाला कोळंबी, माकुल चालतं, तेव्हा ते वेगळं सांगा. उकडलेल्या रानभाज्या ऑलिव्ह तेल-लिंबू घालून, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, वाटलेल्या पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटो घातलेले कडक रस्क. आणि स्फाकियाची खास पीटा: पातळ पोळी, आत ताजं चीज, तव्यावर भाजलेली, वर मध. आपल्या सारणाच्या पोळीची चुलतबहीण म्हणा. ट्रेकच्या दिवशी सकाळी ही खाऊन निघा, दुपारपर्यंत भूक लागत नाही. जेवणानंतर न मागता छोट्या ग्लासात त्सिकुद्या येते, द्राक्षाच्या चोथ्याची दारू. नाकारली तरी कुणी रागावत नाही. पण दुपारी आयिओस पाव्लोसला घेतलीत तर पुढचा किनारा तुमचा.

नावांच्या उच्चारांचं एक: नकाशात रोमन लिपीत 'अगिया' दिसेल ते 'आयिया', 'चोरा' दिसेल ते 'होरा'. लुत्रोच्या पूर्वेला, हानियाची बस जिथे येते, त्या बंदराला जायचं तर बसवाल्याला 'होरा स्फाकिऑन' म्हणा. 1941 च्या मे अखेरीस जर्मनांपुढे माघार घेतलेल्या हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांना याच बंदरातून रात्री-रात्री जहाजांवर चढवलं. धक्क्याजवळ स्मारक आहे, बोटीची वाट बघताना पाहून घ्या.

लुत्रोहून ग्लिका नेराच्या पुढे होरा स्फाकिऑनपर्यंतही वाट जाते, ती कुणीतरी तुम्हाला 'सोपी' म्हणून सुचवेल. ग्लिका नेरापर्यंत ठीक. पुढे ती कड्यात खोदलेली आहे आणि वरून दगड येतात. आणि शेवटचे दोनेक किलोमीटर वळणावळणाच्या डांबरी रस्त्यावर तापत उतरावे लागतात. तुमच्याकडे एकच दिवस असता तरी मी ती सुचवली नसती.

आता सासूबाई. त्यांना लुत्रोत एकटं ठेवायची गरज नाही आणि हानियात तर मुळीच नाही. समारियाच्या दिवशी त्या हानियाहून बसने होरा स्फाकिऑनला आणि तिथून बोटीने लुत्रोला आधीच पोचू शकतात. तुमचं सामानही त्यांच्याबरोबर जाईल, पण बॅगा चढवायला-उतरवायला हानियात आणि धक्क्यावर कुणाला तरी सांगून ठेवा. मोकळ्या दिवशी त्यांच्याबरोबर सकाळी लवकर सोंड ओलांडून फीनिकासला जा. गुडघे चांगले असतील तर काठी घेऊन तासाभरात जमेल, नसतील तर लुत्रोतूनच छोटी बोट मिळते. आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुपारच्या बोटीने आयिया रूमेलीला बोलवा. बोट किनाऱ्याला लागून जाते, तुम्ही सकाळपासून ज्या वाटेने चालत आलात ती अख्खी वाट त्यांना बोटीच्या डाव्या-उजव्या कठड्यावरून दिसेल: जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. चढताना तशी जागा धरायला सांगा. तिकीट जाण्या-येण्याचं एकदम काढा, आणि संध्याकाळच्या बोटीच्या अर्धा तास आधी धक्क्यावर या. समारिया उतरून आलेली सगळी गर्दी तेव्हाच तिथे असते.